वाऱ्याच्या दिवशी हाउंडांमागे

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घोड्यांच्या हिवाळी निगेविषयी लिहिल्यानंतर शिकारी हाउंडांबद्दल, म्हणजे वासावरून सावजाचा माग काढणाऱ्या कुत्र्यांबद्दल, विचारणारी चार पत्रे आली. त्यांतील पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटल्यामुळे या वेळी सदराची सारी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मी मूळची पुण्याची असून गेली चार वर्षे नोकरीनिमित्त आयर्लंडमधील गॉलवे परगण्यात राहते. शाळेत असताना शिकलेली घोडेस्वारी येथे आल्यावर पुन्हा सुरू केली. मी ज्या तबेल्यात जाते तेथील मालकीणबाईंनी येत्या जानेवारीत हाउंडांसोबतच्या शिकारीला भाड्याच्या घोड्यावरून येण्याचे सुचवले आहे. गेल्या महिन्यात मी मोटारीतून नुसते पाहायला गेले होते. त्या दिवशी सोसाट्याचा वारा होता. हाउंड दोन तास इकडून तिकडे फिरत राहिले, घोडे बिथरले आणि शेवटी वाऱ्यापुढे इलाज नाही असे म्हणत सगळे घरी परतले. वाऱ्याने नेमके काय बिघडते? अशा दिवशी माझ्यासारख्या नवख्या स्वाराने जावे काय, आणि गेल्यास काय सांभाळावे?
— एक वाचक, गॉलवे

उत्तर : हाउंड इकडून तिकडे फिरत राहिले, असे आपण लिहिले आहे. ते तुटलेला माग जोडू पाहत होते, आणि मोटारीच्या काचेतून जो मुळीच दिसत नाही त्या वासावर त्या दिवशीचे सारे अडले होते. घोडे, लाल कोट, दगडी भिंतींवरून घेतलेल्या उड्या हे डोळ्यांत भरते खरे. पण शिकारीचा दिवस चांगला गेला की वाईट, हे ठरते ते तीस-पस्तीस नाकांवर. वाऱ्याच्या दिवशी तर ते बहुधा एकाच नाकावर ठरते. (ज्या प्राण्यामागे हे हाउंड धावतात त्याला मी येथे कोल्हा न म्हणता खोकड म्हणत आहे. त्याचे कारण पुढे एका पत्राच्या उत्तरात दिले आहे.)

खोकड पळून गेल्यावर त्याचा वास दोन ठिकाणी राहतो. पंजांच्या गाद्यांतून गवताला आणि मातीला लागलेला वास जमिनीवर राहतो, आणि अंगाचा वास हवेत रेंगाळतो. थंड, ओलसर आणि शांत दिवशी, विशेषतः जमीन हवेपेक्षा किंचित उबदार असते तेव्हा, जमिनीवरचा वास हळूहळू वर येत राहतो आणि हाउंडाच्या नाकाच्या उंचीवर बराच वेळ टिकतो. अशा दिवशी हाउंड मान वर आणि शेपट्या खाली ठेवून भरधाव पळतात; नाक जमिनीला लावण्याची त्यांना गरजच पडत नाही. सोसाट्याचा वारा हवेतला वास उधळून टाकतो आणि गवत वाळवून जमिनीवरचा वासही लवकर उडवतो. मग तो शिल्लक राहतो तो फक्त आडोशाला, म्हणजे दगडी भिंतीच्या पायथ्याशी, खोलगट पाणंदीत, लव्हाळ्याच्या बुडख्यांत. परिणामी माग सलग न राहता तुकड्यातुकड्यांनी सापडतो, आणि दोन तुकड्यांमधले अंतर हाउंडांना निव्वळ शोधाशोध करून भरून काढावे लागते. त्यात वाटेवर मेंढ्यांचा कळप बसलेला असेल किंवा गुरांनी शेणाने रान माखलेले असेल, तर उरलासुरला वासही त्यात बुडून जातो.

वाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची असते. खोकड वाऱ्याच्या तोंडावर पळत असेल, तर त्याचा वास मागून येणाऱ्या हाउंडांकडे वाहत येतो आणि ते झपाट्याने पुढे जातात. तो वाऱ्याकडे पाठ करून पळू लागला, की हाउंडांच्या मागून येणारा वारा वास त्यांच्यापासून दूर, पुढे नेतो. मग त्यांना नाके खाली घालावी लागतात आणि वेग मंदावतो. वारा आडवा असेल, तर वास मूळ वाटेपासून बाजूला सरकतो आणि हाउंड खोकडाच्या प्रत्यक्ष वाटेवरून न पळता तिच्या बाजूने, वारा जिकडे वाहत असेल तिकडच्या अंगाने, कधी पंचवीस-तीस पावले अंतर ठेवून पळतात. खोकड भिंतीच्या फटीतून जाताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, आणि हाउंड मात्र त्या फटीकडे ढुंकूनही न पाहता भलतीकडून भिंत ओलांडतात. नवख्या माणसाला वाटते की ते चुकले. आपल्याला असे दिसले तर कृपया हात करून ओरडू नका. ते चुकलेले नसतात. त्यांच्या लेखी वाट तेथेच असते.

एक दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. १९९०च्या दशकात पशुवैद्य म्हणून मी इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यात काही हिवाळे काढले. तेथे या शिकारीवर बंदी येण्यापूर्वीचा तो काळ. आज आपण ज्या पद्धतीची शिकार पाहता तिचे वेगवान रूप घडले ते याच परगण्यात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्यूगो मेनेल यांनी क्वॉर्न हंट या शिकारमंडळाचे प्रमुखपद सुमारे पन्नास वर्षे सांभाळले आणि वेग व नाक ही दोन्ही एकाच जनावरात आणण्याच्या दृष्टीने हाउंडांची पैदास केली. त्याच सुमारास तेथील मोकळी शिवारे हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांनी बांधली जाऊन त्यांची कुरणे होत गेली. त्यामुळे उड्या घेत चौखूर जाणे हा शिकारीचा भाग झाला.

त्या दिवशी पश्चिमेचा वारा इतका होता की उभ्या घोड्यांच्या शेपट्या बाजूला आडव्या फडफडत होत्या. साडेसतरा जोड्या हाउंड बाहेर काढले होते. हाउंड नेहमी जोडीने मोजतात, म्हणजे ते पस्तीस झाले. एका झुडपी रानातून खोकड निघाला, दोन कुरणे बरी गेली आणि तिसऱ्या कुंपणापलीकडे नांगरट लागली. नांगरटीत वास मुळातच कमी टिकतो, त्यात आडवा वारा. पुढचे पंधरा-वीस हाउंड वेगाच्या भरात सरळ मध्यापर्यंत गेले आणि एकदम माना वर करून उभे राहिले. आवाज बंद झाला. हंट्समन, म्हणजे हाउंडांना चालवणारा मुख्य माणूस, बांधावर घोडा थांबवून स्वस्थ बसला. त्याने शिंग तोंडाला लावले नाही, हाक मारली नाही. मागे ताटकळलेले स्वार चुळबुळ करू लागले.

तेवढ्यात डाव्या कानाला जुनी चीर पडलेली एक म्हातारी मादी घोळक्यातून बाजूला झाली. ती मागे वळून कुंपणाच्या आडोशाच्या अंगाने, जेथे वारा लागत नव्हता तेथून, एकटीच चालू लागली. दहा पावले, वीस पावले. नाक मातीला टेकलेले. मग तिच्या शेपटीचे टोक थरथरू लागले, ती थरथर वाढत गेली आणि शेपूट डावी-उजवीकडे जोराने हलू लागली. पण तोंडातून आवाज नाही. आणखी सातआठ पावले गेल्यावर तिची खात्री पटली, आणि तिने एकच लांब, खोल आवाज दिला. नांगरटीतले सगळे हाउंड त्या एका आवाजावर वळले आणि तिच्याकडे धावत सुटले.

हे मी एवढ्या विस्ताराने लिहिले, कारण शिकारीत मला खऱ्या अर्थाने मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. प्रत्येक ताफ्यात एखाद-दुसरा हाउंड असा असतो की तो उगीचच, निव्वळ उत्साहाने आवाज देतो. बाकीचे त्याला ओळखून असतात आणि त्याच्या आवाजावर मान वळवण्याचेही कष्ट घेत नाहीत. त्या म्हातारीने मात्र कधी खोटा आवाज दिला नसावा, असे त्या पस्तिसांच्या धावण्यावरूनच कळत होते. शांत दिवशी वास सगळ्यांनाच मिळतो, त्यामुळे ही पारख दिसत नाही. वाऱ्याच्या दिवशी ती उघडी पडते. हंट्समनची पारखही तेव्हाच होते. नवशिका हंट्समन माग तुटताच शिंग फुंकून हाउंडांना गोळा करतो आणि अंदाजाने पुढे नेतो. जाणता हंट्समन आधी हाउंडांना स्वतःहून शोधू देतो, आणि त्यांचा शोध संपल्यावरच त्यांना घेऊन अर्धवर्तुळ काढत वाऱ्याच्या बाजूचा अंदाज घेतो. आपल्याला जेव्हा जाण्याचा योग येईल, तेव्हा उड्यांपेक्षा या थांबलेल्या पाच मिनिटांकडे लक्ष द्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

त्याच दिवशी माझ्या हातून एक चूकही झाली आणि तिची बोच अजून आहे. माग पुन्हा जुळल्यावर थोड्या वेळाने तो दुसऱ्यांदा तुटला. मी फाटक टाळण्यासाठी कुरणाच्या मधून घोडा पुढे काढला आणि नेमका हाउंडांना जेथे शोध घ्यायचा होता ते गवत तुडवले. घोड्याच्या घामाचा आणि उखडलेल्या मातीचा वास त्या नाजूक मागावर बसला, आणि तो पुन्हा सापडला नाही. कोणी काही बोलले नाही. वाऱ्याच्या दिवशी हाउंड थांबले की आपणही असू तेथे थांबावे, हे मी त्या दिवसापासून कधी विसरलो नाही.

आता आवाजाविषयी. वारा जमिनीलगत मंद आणि उंचावर जोराचा असतो. त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाणारा आवाज वर वळतो आणि जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. वाऱ्यासोबत येणारा आवाज मात्र खाली वाकून दूरवर ऐकू येतो. म्हणून हाउंड तुमच्याकडून वाहणाऱ्या वाऱ्याच्या दिशेला गेले, तर तीनचारशे पावलांवर असूनही त्यांचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि हंट्समनचे तांब्याचे वीतभर लांबीचे शिंगही नाही. स्वारांचा घोळका सांभाळणारा जो प्रमुख असतो, त्याच्यावर नजर ठेवावी. तो टोपी उंचावतो, हात करतो. अशा दिवशी कानांचे काम डोळ्यांनी करावे लागते. रानाबाहेर उभे असताना गप्पा मारू नयेत, हा नियम एरवी सभ्यतेचा असतो; वाऱ्यात तो गरजेचा होतो.

घोडे का बिथरतात, असे आपण विचारले आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे आणि धोक्याची पहिली सूचना त्याला बहुधा कानांनी मिळते. वाऱ्यात सर्व बाजूंनी सळसळ होत असल्यामुळे कोणता आवाज महत्त्वाचा हे त्याला उमगत नाही, आणि डोळ्यांच्या कडेला फांद्या, पालापाचोळा, कोणाच्या कोटाची टोके सतत हलत असतात. शिवाय शिकारीच्या घोड्याचे अंगावरचे केस हिवाळ्यात कापलेले असतात. पाय आणि खोगिराखालचा भाग तेवढा ठेवतात. गार वारा उघड्या कमरेला झोंबला की तो पाठ वर काढतो, शेपूट दाबून धरतो आणि तिरका चालू लागतो. त्याला शिक्षा करू नये. चालते ठेवावे, लहान वर्तुळात फिरवावे, आणि निघण्यापूर्वी तबेल्याच्या आवारात निदान पंधरा मिनिटे दुडकी चाल करून अंग गरम करून घ्यावे.

येथे एक अडचण येते, तिची आधीच कल्पना असावी. मोकळ्या रानात उभा असलेला घोडा स्वभावतः वाऱ्याकडे पुठ्ठा करतो. पण हाउंड जवळून जात असताना घोड्याचे तोंड त्यांच्याकडे आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूला असला पाहिजे, म्हणजे लाथ बसण्याचा धोका राहत नाही. घोड्याने हाउंडाला लाथ मारणे यापेक्षा मोठा अपराध या खेळात नाही, आणि तो स्वाराचाच मानला जातो. तेव्हा वारा तोंडावर येत असला तरी हाउंड जाईपर्यंत घोडा त्यांच्याकडे वळवून धरावा. ज्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधलेली दिसेल तो लाथाळ आहे असे समजून त्याच्यापासून दूर राहावे. हिरवी फीत म्हणजे कच्चा, नवा घोडा.

गॉलवेचा मुलूख तर भिंतींचाच. गारा न वापरता रचलेल्या राखाडी चुनखडकाच्या त्या भिंतींमधून वारा आरपार जातो आणि जोराचा असला की शीळ घालतो. घोडा भिंतीपासून आठदहा पावलांवर आल्यावर ती शीळ त्याच्या कानांवर पडते आणि त्याचे कान पुढे-मागे होऊ लागतात. त्या क्षणी पाय घट्ट ठेवून, हात न ओढता त्याला सरळ ठेवणे एवढेच आपले काम. पाठीमागून वारा असेल तेव्हा विशेष जपावे. चेहऱ्याला वारा लागत नसल्यामुळे आपण किती वेगाने जात आहोत ते कळत नाही, घोडा लांब आणि सपाट होत जातो आणि पुढच्या पायांनी वरचा दगड पाडतो. तोंडावर वारा असताना उलट होते. आपल्याला वाटते वेग भरपूर आहे, आणि घोडा मात्र उडीला पुरेशा जोमाने आलेला नसतो. पाडलेला दगड पुन्हा रचून देणे, निदान शेतकऱ्याला सांगणे, हे कर्तव्य समजावे. त्याच्या जमिनीवरून आपण त्याच्या परवानगीने जात असतो.

फाटकांविषयी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. वाऱ्याच्या दिवशी भिंतीपेक्षा लोखंडी फाटक अधिक धोकादायक ठरते. ते हातातून सुटून घोड्याच्या मागच्या पायावर आपटले, तर गुडघ्याच्या सांध्याला अशी इजा होते की जनावर महिनोन्महिने लंगडते. मी अशी दोन जनावरे उपचारासाठी पाहिली आहेत. शिकारीच्या चाबकाच्या मुठीला जो आकडा असतो तो फाटक धरण्यासाठीच असतो. शेवटचा घोडा पूर्ण बाहेर पडेपर्यंत फाटक आकड्याने धरून ठेवावे, वाटल्यास खाली उतरावे, आणि आपण शेवटचे असाल तर ते बंद करून कडी लागल्याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाकीचे थोडक्यात. तंग निघाल्यानंतर दहा मिनिटांनी पुन्हा आवळावा. टोपीचा पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा. कोटाची सर्व बटणे लावावीत. हातमोजे लोकरी किंवा सुती विणीचे असावेत, कारण पाऊस आल्यावर कातडी मोज्यांतून लगाम निसटतो. गळ्याभोवतीची लांब पांढरी पट्टी शोभेची वाटली तरी ती आवर्जून बांधावी. माणसाला किंवा घोड्याला जखम झाल्यास तीच पहिली पट्टी होते.

पहिल्याच दिवशी वादळी वाऱ्यात जावे काय, या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर नाही असे आहे. झाडांचे शेंडे हलत असतील तर जावे; मोठ्या फांद्या हेलकावत असतील तर मालकीणबाईंना कळवून पुढचा दिवस मागून घ्यावा. कोणत्याही चांगल्या तबेल्यात याचा राग धरत नाहीत. आणि जेव्हा जाल तेव्हा देखणा, तरुण घोडा नाकारून, ज्याने पाचसहा हंगाम पाहिले आहेत असा वयस्क घोडा मागावा. त्याला हाउंडांचे वागणे आपल्यापेक्षा अधिक कळत असेल.

प्रश्न : आपण घोड्यांवर आणि कुत्र्यांवर इतके प्रेम करता, मग एका लहानशा प्राण्यामागे तीस-चाळीस कुत्री सोडण्याच्या प्रकाराबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाटते, आणि पूर्वीपेक्षा आज अधिक वाटते. ब्रिटिश सरकारने लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००० साली दिलेल्या अहवालात या शिकारीमुळे खोकडाच्या हिताला गंभीर बाधा पोहोचते असे नमूद केले होते. त्यानंतर २००४ साली कायदा झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये हाउंडांकरवी खोकड मारण्यास बंदी आली. स्कॉटलंडने त्याआधीच २००२ साली असा कायदा केला होता आणि २०२३ साली तो अधिक कडक केला. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात मात्र ही शिकार अजून कायदेशीर आहे, म्हणून वरील पत्रलेखिकेला आमंत्रण मिळू शकले.

शिकारीच्या बाजूने बोलणारे सांगतात की खोकड कोकरे आणि कोंबड्या नेतो, त्याची संख्या आवरावी लागते, आणि गोळी किंवा सापळा यांत तो जखमी होऊन अनेक दिवस तडफडू शकतो. या म्हणण्यात तथ्य आहे. मेंढपाळाचे नुकसान खोटे नाही. परंतु नुकसान आवरण्यासाठी शिकार करणे आणि दिवस रंगतदार व्हावा म्हणून पाठलाग लांबवणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे मला वाटते. थकून बिळात शिरलेल्या खोकडाला उकरून काढताना मी पाहिले आहे, आणि ते पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

वर वर्णन केलेल्या म्हाताऱ्या मादीचे कसब खोकडाच्या मरणावर अवलंबून नव्हते, हे मात्र ठामपणे सांगतो. वासात भिजवलेले फडके दोरीने ओढत एक माणूस पुढे जातो आणि अर्ध्या-पाऊण तासाने हाउंड त्या मागावर सोडतात, अशी पद्धत पूर्वीपासून आहे. वारा त्या मागाशीही तसाच खेळतो. तो बाजूला सरकतो, तुटतो, भिंतीच्या आडोशाला दडतो. इंग्लंडमध्ये बंदीनंतर बहुतेक हंट असा माग टाकून चालत आले आहेत. मात्र त्या आडून खऱ्या खोकडाचा पाठलाग होतो असे आक्षेप सतत घेतले गेले, काही प्रकरणे न्यायालयात गेली, आणि २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने हा प्रकारही बंद करण्याचे आश्वासन दिले. जेथे प्रामाणिकपणे फडके ओढले जाते तेथे मी आजही आनंदाने जाईन. गॉलवेच्या पत्रलेखिकेनेही जाण्यापूर्वी, त्या दिवशी माग फडक्याचा असणार की खोकडाचा, हे तबेल्यात विचारून घ्यावे आणि आपला निर्णय आपण करावा.

प्रश्न : इंग्रजांची ही शिकार आपल्याकडे कधी होत होती काय? आणि इंग्रजी गोष्टींतला फॉक्स म्हणजे आपला कोल्हाच ना?
— एक वाचक, वाई

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो. शालेय पुस्तकांतून त्या प्राण्याचे भाषांतर कोल्हा असेच झाले आणि ते रुळले. प्रत्यक्षात आपला कोल्हा हा वेगळा प्राणी आहे. तो अंगाने मोठा, लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या जवळचा, आणि संध्याकाळी शिवाराबाहेर हुकी देणारा. काकडीला राजी होतो तो हाच. इंग्लंड-आयर्लंडमधला तांबडा, झुबकेदार शेपटीचा प्राणी आपल्या माळरानावरच्या खोकडाचा मोठा भाऊ म्हणावा लागेल. आपला खोकड राखट रंगाचा, त्याहून लहान आणि शेपटीच्या टोकाला काळा असतो. इंग्लंडमधल्या खोकडाच्या शेपटीचे टोक बहुधा पांढरे असते.

ब्रिटिश अमदानीत जेथे जेथे छावण्या आणि अधिकारी होते, तेथे तेथे त्यांनी हाउंड आणले. मुंबई आणि पुण्यातही असे ताफे होते. येथे ते खऱ्या कोल्ह्यामागे धावत. सर्वांत नावाजलेला ताफा निलगिरीतील उटीचा. त्याची सुरुवात १८४० च्या दशकातली, आणि तेथील वेनलॉक डाउन्स या गवताळ टेकड्या त्यांना इंग्लंडसारख्या वाटत. सपाटीवर मात्र हाउंडांचे हाल होत. जहाजातून आलेले जनावर उष्म्याने आणि तापाने लवकर दगावे, आणि ऊन चढताच जमिनीवरचा वास उडून जात असल्यामुळे शिकार पहाटे दव असतानाच उरकावी लागे. दुपारचा उष्ण वारा सुटल्यावर दख्खनच्या माळावर माग काढणे कोणत्याही नाकाला जमले नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज आपल्याकडे कोल्हा किंवा खोकड यांची शिकार हा गुन्हा आहे.

प्रश्न : माझ्याकडे कारवानी कुत्र्यांची जोडी आहे. ती वाऱ्यासारखी पळतात, पण जमीन हुंगत माग काढत नाहीत. त्यांना हाउंडांसारखे शिकवता येईल काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपली कारवानी नजरेने पळणारी जात आहे. अरुंद लांब तोंड, खोल छाती आणि दूरवर हलणारी वस्तू टिपणारे डोळे, हे सर्व उघड्या माळावर दिसणाऱ्या सावजासाठी घडलेले आहे. सावज नजरेआड झाले की तिचे काम थांबते. इंग्लिश फॉक्सहाउंड नेमका उलट. त्याला सावज तासभर दिसले नाही तरी चालते. म्हणून आपल्या जोडीकडून मैलभर माग काढण्याची अपेक्षा ठेवू नये. आणि सशामागे कुत्री सोडणे हेही आपल्या कायद्याने गुन्हाच आहे, याची जाणीव असावी.

तरीही नाक प्रत्येक कुत्र्याला असते, आणि थोडे फार शिकवता येते. मटणाच्या पाण्यात भिजवलेले जुने गोणपाट दोरीला बांधून पहाटे, गवतावर दव असताना, शंभर पावले सरळ ओढत न्यावे आणि शेवटी त्यांचे खाणे ठेवावे. कुत्र्यांना ओढण्याचे काम दिसू देऊ नये, नाहीतर ती नजरेनेच धावतील. दोघांना एकदम न सोडता आधी जी अधिक शांत आहे तिला दोरीवर घेऊन चालवावे, आणि तिने नाक खाली घातले की आपण गप्प राहावे. पहिले पंधरा दिवस हे वारा पडलेला असतानाच करावे. त्यानंतर हलका आडवा वारा असेल तेव्हा तोच माग टाकून पाहावा, आणि ती वाटेपासून किती पावले बाजूने चालते ते मोजून मला अवश्य कळवावे.